भिंगापुढचा हात

चन्नबसप्पा ऑपरेटर यांचा चेहरा कर्नाटकातल्या बसवकल्याणात फार लोकांना माहीत नव्हता. त्यांचा उजवा तळहात मात्र दोन पिढ्यांना माहीत होता. आधी जत्रांमधल्या तंबू टाकीजमध्ये आणि नंतर गावातल्या थिएटरात त्यांनी चाळीसएक वर्षं मशीन चालवलं. मशीन प्रेक्षकांच्या पाठीमागे, त्यामुळे माणूस कधी दिसत नसे. पडद्यावर नायक नायिकेच्या फार जवळ गेला किंवा कोणी सुरा उगारला, की पडदा काळा व्हायचा. कडेने बोटांच्या फटींतून थोडा उजेड झिरपायचा. तो त्यांचा हात.

मागच्या रांगेतून आरोळी उठे, "ए ऑपरेटर, हात काढ की रे!"

केबिनच्या खिडकीतून उत्तर येई, "पोरं हायत पुढं. तुम्ही घरी जाऊन आठवा."

लोक हसत. हात मात्र हलत नसे. झाकायचं तेवढं झाकून झालं की चित्र परत येई. ऑपरेटर अण्णा, सगळे त्यांना हेच म्हणत, या गोष्टीविषयी स्वतः अगदी हिशेबी सुरात बोलत: "जेवढा शिनिमा दाखिवला, त्यातला बराच झाकला बी."

एका मराठी दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी बसवकल्याणला गेलो तेव्हा थिएटर बंद पडलं होतं आणि अण्णांनी साठी ओलांडली होती. ठेंगणा बांधा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, कपाळावर विभूती, चष्म्याला दोरी. आवाज शरीरापेक्षा मोठा. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा ते एका वाक्यात बोलत आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या लक्षातही येत नसे. नव्या माणसाला ते एक प्रश्न हमखास विचारत. मलाही विचारला.

"पेपरवाले, एक सांगा. ही कार्टूनची पिक्चरं कुणासाठी काढतेत? पोरांसाठी का मोठ्यांसाठी?"

मी म्हणालो, "मुलांसाठीच ना."

"असं समदेच म्हणतेत," ते म्हणाले, आणि विषय सोडून दिला. उत्तर चुकलं हे त्यांनी सांगितलं नाही. ते सांगायला त्यांनी पुढे चार महिने घेतले.

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो थिएटरच्या शेवटच्या दिवसांत. मालकाने शाळांसाठी सकाळचा खेळ ठेवला होता. बाहेरून आलेलं, हिंदीत आवाज भरलेलं कार्टून होतं. बाहेरच्या फलकावर मालकाने रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: फक्त मुलांसाठी. गोष्ट एका म्हाताऱ्या गाढवाची होती. मालक टेम्पो घेतो आणि गाढव बाजारात विकतो. गाढव नव्या मालकाच्या घरून निघतं आणि ओळखीच्या वाटेने जुन्या दारात येऊन उभं राहतं. वाटेत ते हौदात पडतं, चिखलात लोळतं, लग्नाच्या वरातीत घुसतं.

केबिनमधून प्रेक्षकांची फक्त डोकी दिसतात, तीही मागून. चेहरे दिसत नाहीत. अण्णा चाळीस वर्षं डोकीच बघत आले होते. त्या सकाळी त्यांनी कान लावला. पुढच्या रांगांतून हसू येत होतं. मागे मास्तर आणि बाई बसल्या होत्या, तिथून नाक ओढल्याचा आवाज येत होता. खेळ संपल्यावर ते जिन्याखाली उभे राहिले. मुलं पाणी मागत, एकमेकांना ढकलत बाहेर आली. मोठी माणसं मागून आली, रुमाल हातात धरून, आणि ऑपरेटरकडे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी फलकावरच्या 'फक्त मुलांसाठी' या शब्दांवर चुना फासलेला होता. मालक ओरडला. अण्णा म्हणाले, "काल तुम्ही मागं बसला नव्हताव. मी ऐकलोय."

आठवडाभर चाललेल्या त्या खेळाला शंकरशेट नावाचे भुसार बाजारातले एक आडते रोज आले. पहिल्या दिवशी भाच्याला घेऊन, दुसऱ्या दिवशी भाचीला, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या नातवाला. चौथ्या दिवशी अण्णांनी त्यांना दारातच गाठलं.

"शेट, आज कुणाचं पोरगं आणलाव?"

"आमचंच हाय की. चुलतभावाचं."

"घरात आनिक किती उरलेत?"

"घर मोठं हाय आमचं, अण्णा."

मध्यंतराला अण्णा खाली उतरले. मुलगा शेटच्या मांडीवर गाढ झोपला होता. "पोरगं झोपलंय," अण्णा म्हणाले. "घरी सोडून येता का? तवर थांबिवतो मी."

"न्हाई न्हाई," शेट घाईने म्हणाले. "झोपू द्या त्याला. तुम्ही लावा पुढं. गाढव अजून वाटंतच हाय."

ही हकीकत अण्णा हसत सांगत, पण शेटची टर उडवत नसत. त्यांच्या मते तो सबंध गावातला सर्वांत प्रामाणिक प्रेक्षक होता. "मोठ्या माणसाला लाज वाटती," ते म्हणत. "म्हणून पोराच्या नावानं बघायचं. खाऊ आणतेत तसंच की. पोरासाठी आणलाय म्हणतेत, आन निम्मा वाटंतच खातेत."

थिएटर बंद झाल्यावर त्यांनी एक वापरलेला लहान प्रोजेक्टर मिळवला. त्याला ते मशीनच म्हणत. मशीन, लॅपटॉप आणि घडी केलेला पांढरा पडदा एका जुन्या बेडिंगच्या पिशवीत घालून ते शनिवारी दुपारी बसने गावोगाव जात. दाखवायची ती फक्त कार्टून. ज्यांच्यात बोलणं कमी असेल अशी ते निवडत. आवाज बारीक करत आणि गोष्ट स्वतः बोलत. एकाच खोलीत मराठी घरची, कन्नड घरची आणि दखनी बोलणारी माणसं असत, त्यामुळे प्रत्येक महत्त्वाचं वाक्य तीनदा येई. "आई आली न्हाई. अव्वा बरलिल्ला. अम्मा नै आई." तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत ते वाक्य वजनदार होऊन जाई.

बसण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. मुलं पुढे, मोठी मागे हे त्यांना चालत नसे. एक मोठं माणूस, शेजारी एक लहान, पुन्हा एक मोठं. मूल आणायला नसेल तर शेजारचं घ्या, पण एकटं बसायचं नाही. मशीन ते प्रेक्षकांच्या पुढे, पडद्यापासून सात-आठ पावलांवर ठेवत आणि स्वतः त्याच्या बाजूला, पडद्याकडे पाठ करून बसत. चित्र त्यांना पाठ असे. कुठे काय चाललंय हे त्यांना समोरच्या तोंडांवरून कळे.

"आयुष्यभर डोकी बघितली," ते म्हणाले. "आता तोंडं बघायलोय."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मला एका बसमध्ये दिलं. मी पुन्हा म्हणालो होतो की काही झालं तरी ही शेवटी मुलांचीच करमणूक. अण्णा बराच वेळ खिडकीबाहेर तुरीची रानं बघत राहिले.

"खऱ्या पिक्चरात बाई रडती," ते म्हणाले. "ती माणूस हाय, तिला रडायला येतंय. कार्टूनमधलं पिल्लू कसं रडतंय? कुणीतरी मोठा माणूस टेबलावर बसून त्याच्या डोळ्याखाली थेंब काढायलाय. एकेक थेंब. एका रडण्याला महिना लागत आसंल. त्या महिन्यात तो माणूस कशाचा इचार करत आसंल? पोरांचा?"

वार्ताहराच्या वहीत उतरवून घेण्यासारखी वाक्यं रोज कानावर पडतात. हे वाक्य उतरवून घ्यायचं मला सुचलंच नाही.

तरीही त्यांचा हात सुटला नव्हता. कार्टूनमध्येही कुठे मरण आलं, फार भीती आली, की तळहात भिंगापुढे जाई. मी विचारलं, लॅपटॉपवर तेवढा भाग पुढे ढकलता येतो, मग हात कशाला?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी खोटी बातमी लिहिण्याचा सल्ला दिला होता. "पुढं ढकललं की झाकलंय हेच कुणाला कळत न्हाई. हात धरला की कळतंय, हितं कायतरी झाकलंय म्हणून. तेवढं तरी खरं पाहिजे की न्हाई?"

खजुरी गावात त्यांचे खेळ माधवराव नावाच्या शेतकऱ्याच्या गोदामात होत. तुरीची रास यायच्या आधी ते गोदाम रिकामं असे. खिडकी एकच, तिच्यावर पोतं टांगलं की भरदुपारी आत अंधार. माधवराव सत्तरीचे, बोलायला कमी. त्यांची नात श्रावणी त्यांच्याकडेच वाढत होती. वय वर्षं आठ. तिची आई सुनीता ही माधवरावांची एकुलती मुलगी. सोलापूरच्या एका दवाखान्यात तिचा मृत्यू झाला, त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. वडील पुण्याला कामाला होते आणि सणावाराला येत.

श्रावणीला आई गेल्याचं सांगितलेलं नव्हतं. आई सोलापूरला उपचार घेते आहे, असं तिला सांगितलं होतं. हे एका घरापुरतं नव्हतं, सगळं गाव त्यात सामील होतं. पिठाच्या गिरणीवर, दुकानात, देवळात कोणी तिच्यासमोर चुकीचा शब्द काढत नसे. घरात सुनीताचा फोटो लावला नव्हता, कारण लावला असता तर हार घालावा लागला असता. वर्षश्राद्धसुद्धा उमरग्याला माधवरावांच्या भावाच्या घरी उरकलं. महिन्यातून एकदा माधवराव सोलापूरला जाऊन येतो म्हणून निघत आणि संध्याकाळी बांगड्या किंवा रिबिनी घेऊन परत येत. आईने पाठवल्या म्हणत. नात त्या घालून अंगणभर फिरे.

त्या शनिवारी मी अण्णांबरोबर होतो. रविवारच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लेख लिहायचा होता. गोदामाच्या दारात माधवरावांनी अण्णांना बाजूला घेतलं.

"आज काय हाय?"

"करकोच्याचं हाय. पिल्लू आन त्याची आई. थंडीत डोंगर वलांडून जातेत."

"आईला काय होतंय का?"

"होतंय. बर्फाच्या वादळात ऱ्हाती ती. पिल्लू फुडं जातंय."

"मग ते नका लावू, अण्णा."

"दुसरं आणलं न्हाई. पर तेवढं झाकतो. दोन मिंटांचं हाय. ती मागं ऱ्हायली, मागनं येतीय म्हणून सांगतो."

"जबान?"

"जबान."

गोदामात साठ-सत्तर माणसं बसली होती, मोठं आणि लहान अशी आळीपाळीने. माधवराव अगदी शेवटी, दाराजवळ. श्रावणी पुढून तिसऱ्या ओळीत, शेजारच्या गंगूबाईंच्या बाजूला. मी मशीनजवळ रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर. अण्णा पडद्याकडे पाठ करून बसले आणि बोलायला लागले. करकोच्यांचा थवा उडाला. पिल्लाला पंख नीट मारता येत नव्हते, लोक हसले. आई त्याला वाऱ्याच्या आडोशाने नेत होती, लोक गप्प झाले. डोंगर आला. वारा सुटला. अण्णांनी मागे न बघता हात उचलून भिंगापुढे धरला.

पडदा काळा झाला. अण्णांचा आवाज चालू राहिला. "आता जोराचं वादळ हाय. काय दिसत न्हाई. आई जरा मागं ऱ्हायली. ती येणार हाय मागनं—"

तिसऱ्या ओळीतून श्रावणी उठली. माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती मशीनपाशी आली आणि अण्णांच्या खांद्याजवळ उभी राहिली. ती हळू बोलली. तिचं बोलणं अण्णांना ऐकू गेलं आणि दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या मला. आणखी कोणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

"अण्णा, हात काढा."

"कंटाळवाणं हाय गं बाई. फुडं चांगलं हाय."

"मरायलीय का ती?"

अण्णांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मला म्हायीत हाय," ती म्हणाली. "माझी बी मेलीय. आज्ज्याला सांगू नका, मला म्हायीत हाय म्हणून. त्यो लई रडतंय."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता. पाणी हवंय असं सांगावं तसा. एवढं बोलून ती तिथेच उभी राहिली, पडद्याकडे तोंड करून, थांबून. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा हात भिंगापुढेच होता आणि बोटांच्या फटींतला उजेड त्यांच्या शर्टावर हलत होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. दोन मिनिटांपेक्षा नक्कीच कमी, कारण त्यांनी हात खाली घेतला तेव्हा बर्फात पडलेली ती पांढरी आई अजून पडद्यावर होती आणि पिल्लू तिच्याभोवती चालत होतं.

अण्णांनी बोलणं पुढे नेलं. "आई मेली," ते म्हणाले. "अव्वा सत्तळु. अम्मा मर गई."

तीन भाषांमध्ये. नेहमीच्या सुरात, नेहमीच्या आवाजात. मग मागे माधवरावांचा आवाज फुटला, "अण्णा!" आणि दाराची फळी आपटली. ते बाहेर निघून गेले होते. श्रावणीने मागे वळून दाराकडे पाहिलं, मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली. पिल्लू एकटंच उडालं. चित्र शेवटपर्यंत चाललं.

बाहेर गोदामाच्या ओट्यावर माणसं जमली होती. मुलांना घरी धाडलं होतं.

"जबान दिली हुती तुम्ही," माधवराव म्हणाले.

"दिली हुती."

"मग?"

"मोडली. चूक माझी हाय."

"आईवेगळं लेकरू हाय ते!" कोणीतरी ओरडलं. "साऱ्या गावानं वरीसभर झाकलं, आन हे आले बसवकल्याणहून उघडं करायला!"

"कामून केलाव असं? काय मिळालं?"

मी एक पाऊल पुढे टाकलं. मला जे ऐकू आलं होतं ते सांगितलं असतं तर ओट्यावरचं भांडण तिथेच मिटलं असतं. अण्णांनी माझ्याकडे न बघता कन्नडमध्ये म्हटलं, "सुम्मनिर्री." गप्प राहा. मग माधवरावांना हात जोडले, पिशवी उचलली आणि चालू लागले.

बसमध्ये मी विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही?

"तुम्ही ऐकलाव की ती काय म्हणली."

"पण तिला आधीच माहीत होतं. तुमची चूक नाही."

"मला सोडवून घ्यायला तिचं बोलणं मोडू व्हय?" ते म्हणाले. "वरीसभर त्या पोरीनं एकटीनं ते धरलंय. म्हाताऱ्यासाठी. मी एका मिंटात उघडं केलं तर तिच्याकडं काय ऱ्हातंय?" थोड्या वेळाने, माझ्याशी नव्हे अशा आवाजात, "मला वाटायचं मोठी माणसं पोरांच्या नावानं बघतेत. पोरं बी मोठ्यांसाठी झाकतेत, हे मला कुठं ठाव हुतं?"

आणि उतरताना, "हे छापायचं न्हाई."

मी छापलं नाही. विषय जमला नाही असं कार्यालयाला कळवलं. वार्ताहराच्या नोकरीत मी अनेकांना बाजू मांडायला सांगितलं आहे. आरोप झाला की माणूस बोलतो; निरपराध असेल तर जास्त बोलतो. एक वाक्य खिशात असताना ते न काढणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नंतरही नाही.

बातमी छापली नाही तरी पसरली. मुलांना रडवणारा ऑपरेटर, अशी. खजुरी बंद झालीच, आसपासच्या गावांनीही बोलावणं थांबवलं. करजगीच्या एकांनी ठरलेला खेळ फोनवरून रद्द केला. अण्णांनी "बरं" म्हटलं. मशीनची पिशवी पलंगाखाली गेली. शनिवारी दुपारी ते शर्ट घालून, बटणं लावून ओसरीवर बसत आणि संध्याकाळी शर्ट काढून ठेवत. शंकरशेट एकदा येऊन म्हणाले, "अण्णा, मला एकट्याला दावा की गाढव." अण्णा म्हणाले, "पोरगं आणा." शेट हसले, पण त्या दिवशी अण्णा हसले नाहीत.

वर्ष होत आलं तेव्हा एका रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. फाटकाशी माधवराव उभे होते. सोबत श्रावणी. ती उंच झाली होती.

"या की," अण्णा म्हणाले.

माधवराव पायरीपाशीच थांबले. "तोंड दाखवायची सोय न्हाई मला."

"बसा आधी. पोरीला पाणी देतो."

मग म्हाताऱ्याने थांबत थांबत सांगितलं. यंदा गोदाम रिकामं झालं तशी श्रावणी विचारायला लागली, ऑपरेटर अण्णा कामून येत न्हाईत? गंगूबाई बोलून गेल्या, तुझ्यापायीच बंद केलं त्यांना, तुला रडिवलं म्हणून. त्या संध्याकाळी नात आजोबांपुढे येऊन उभी राहिली.

"म्हणली, मी रडलेच न्हाई. अण्णाला मीच हात काढा म्हणले. मला आधीच म्हायीत हुतं." माधवरावांनी धोतराच्या टोकाने तोंड पुसलं. "मी म्हणलो, कवापासनं? तर म्हणली, तू सोलापूरहून आलास त्याच दिवशी. घरात यायच्या आधी बाहेरच्या बाहेर आंघोळ केलास. कुणी मेल्याबिगर कुणी असं करत न्हाई."

अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

"आन बांगड्या? मी म्हणलो, बांगड्या कशा घेतल्यास मग? तर म्हणली, कागदावर जवळच्या आळंदच्या दुकानाचं नाव असायचं, आज्जा. तू सोलापूरला जातच नव्हतास." ते थांबले. "त्या कार्टूनच्या दिवशी घरी आल्यावर मला म्हणली हुती, करकोच्याची आई मेली, पर माझी सोलापूरला हाय ना? मी म्हणलो, व्हय. ती म्हणली, मग झालं तर. मला वाटलं, वाचलो."

श्रावणी तांब्या तोंडाला लावून अंगणातल्या कोंबड्या बघत होती.

"तुम्ही एका शब्दानं बोलला न्हाईत, अण्णा," माधवराव म्हणाले.

"पोरीनं सांगितलं हुतं."

"आठ वर्सांच्या पोरीचं ऐकलाव? मला दिलेल्या जबानचं काय?"

"दोघांना जबान दिली की एक मोडतीच," अण्णा म्हणाले. "तुमचं वय झालंय, तुम्हाला राग गिळता येतंय. तिचं मोडलं असतं तर तिनं परत कुणाला सांगितलं असतं?"

माधवराव आमंत्रण द्यायला आले होते. या वर्षीचं सुनीताचं श्राद्ध उमरग्याला नव्हे, खजुरीला, घरी करायचं होतं. "हिनंच काढलंय," ते म्हणाले. "फोटो बी हिनंच निवडला."

"अण्णा, मशीन नका आणू," श्रावणी म्हणाली. "जेवायला या."

श्राद्धाला अर्धं गाव आलं होतं. भिंतीवर सुनीताचा फोटो होता, हसणारा, बाजारात काढलेला, हार घातलेला. पहिल्या पंगतीत गावकऱ्यांनी अण्णांना मधोमध बसवलं, त्यासाठी एक-दोघे न बोलता बाजूला सरकले. माफी कोणी मागितली नाही, आणि अण्णांना ती हवी आहे असं वाटलं नाही. माधवराव खीर वाढायला निघाले. फोटोखालून जाताना ते थांबले. सगळ्या माणसांसमोर ते मोठ्याने रडायला लागले. दोन-तीन जण उठले. "गप बसा आज्जा, लेकरू बघायलंय," कोणीतरी म्हणालं.

श्रावणीने त्यांच्या हातातलं भांडं घेतलं. "रडू द्या त्याला," ती म्हणाली.

अण्णा आपल्या पाटावरून सरकले आणि शेजारी जागा केली. माधवराव तिथे, पंगतीत, पान नसलेल्या जागी बसले आणि रडत राहिले. अण्णा त्यांच्याकडे बघत होते, नजर न वळवता, जेवण तसंच ठेवून. श्रावणीने अण्णांच्या पानात खीर वाढली, आजोबांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेली.

त्याच महिन्यात माझी बदली झाली. अण्णांना मी शेवटचं पाहिलं ते असं.